उचल, हद्द आणि फिर्याद : परमुलखातील मजुराचा न्यायमार्ग

‘परमुलूख’ हा शब्द नंदुरबार जिल्ह्यात भूगोलापेक्षा हंगामाशी अधिक जोडलेला आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पश्चिमेला गुजरातला आणि उत्तरेला नर्मदेपलीकडच्या मध्य प्रदेशाला भिडतो. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ६९ टक्के असून भिल्ल, पावरा, मावची, कोकणी या समाजांतील हजारो कुटुंबे खरिपाचे पीक हाती आल्यावर घराला कडी घालून बाहेर पडतात. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातून, तसेच तळोदा, शहादा व नवापूरच्या खेड्यांतून ती बारडोलीच्या उसाच्या फडांत, सुरत-अंकलेश्वरच्या बांधकामांवर व कारखान्यांत, सौराष्ट्राच्या शेतांवर, तर काही पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात जातात. तिथे मजुरी अडते, हिशेबात खोट निघते, अपघात होतो, मारहाण होते, एखादी मुलगी बेपत्ता होते. आणि जिथे आपली भाषा वाचता येणारा माणूस मिळत नाही अशा शहरात दाद कुठे मागायची, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे दिले जाते की, तंटा जिथे घडला तिथल्याच कचेरीत जावे. ते सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु नंदुरबारच्या मजुराच्या बाबतीत ते अपुरे आहे आणि त्याच्या अपुरेपणामुळेच बहुसंख्य तक्रारी मुळात दाखलच होत नाहीत. सुरतेतल्या तारखेसाठी अक्राणीतल्या धडगावहून निघालेल्या माणसाचे जाण्यायेण्यात दोन-तीन दिवस मोडतात, तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते आणि दावा जर काही हजारांचा असेल तर तो तिसऱ्या तारखेलाच आतबट्ट्याचा ठरतो. म्हणून भारतीय कायद्याने कोणकोणत्या तंट्यांत दाद मागण्याचे ठिकाण मजुराच्या गावाकडे आणून ठेवले आहे, हे आधी पाहणे आवश्यक आहे. अशी ठिकाणे सर्वसाधारण समजुतीपेक्षा पुष्कळ अधिक आहेत.

त्यासाठी ‘हद्द’ म्हणजे अधिकारक्षेत्र ही संकल्पना समजून घ्यावी लागते. प्रत्येक न्यायालयाला, पोलीस ठाण्याला आणि श्रम कार्यालयाला कायद्याने एक भूभाग नेमून दिलेला असतो व त्याबाहेरच्या प्रकरणात त्याला सहसा हात घालता येत नाही. नंदुरबार व गुजरात यांच्यामधली हद्द फार जुनी नाही. १ मे १९६० पर्यंत पश्चिम खानदेश आणि सुरत हे एकाच मुंबई राज्याचे जिल्हे होते आणि दोहोंवर एकाच मुंबई उच्च न्यायालयाचा अंमल चालत होता. राज्यांची विभागणी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातेत गेली, नातीगोती दोन्हीकडे विखुरली आणि त्याच दिवशी गुजरातचे स्वतंत्र उच्च न्यायालय अस्तित्वात आले. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे नवापूर स्थानक या विभागणीचे चालते-बोलते उदाहरण आहे. त्याचा फलाट दोन राज्यांत विभागलेला असून तिकीट खिडकी महाराष्ट्रात तर स्थानकप्रमुखाचे कार्यालय गुजरातेत आहे, आणि कामाला निघालेला माणूस त्या फलाटावर चार पावले चालला की त्याच्यापुरता श्रम आयुक्त, किमान वेतनाचा दर आणि न्यायालयाची भाषा बदललेली असते.

मात्र माणूस जरी हद्द ओलांडून गेला, तरी त्याचा करार ओलांडून जातोच असे नाही. ऊसतोडीचा व्यवहार फडात सुरू होत नाही. तो पावसाळ्यात, घरात दाणे संपलेले असताना, गावातल्या ओट्यावर सुरू होतो. मुकादम, म्हणजे कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसे घेऊन मजुरांची टोळी उभी करणारा मध्यस्थ, नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ धरून ‘उचल’ देतो. उचल म्हणजे पुढच्या श्रमावर आगाऊ दिलेली रक्कम, जी हंगामभर तोडलेल्या टनांतून फेडायची असते. हंगामाअखेरीस ती फिटली नाही तर ‘बाकी अंगावर राहिली’ असे म्हणतात, आणि त्या बाकीपोटी पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावे लागते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांसाठी खानदेशातून येणाऱ्या तोडणी मजुरांचा अभ्यास करून ही साखळी तपशिलाने मांडली. तिचा सांगाडा आजही फारसा बदललेला नाही.

कायद्याच्या दृष्टीने या व्यवहारातली कळीची गोष्ट अशी की, उचल गावात दिली गेली आणि कामाचा शब्दही गावातच ठरला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० नुसार, दाव्याचे कारण पूर्णतः किंवा अंशतः ज्या न्यायालयाच्या हद्दीत उद्भवले तिथे दावा लावता येतो. करार होण्याचे ठिकाण हे दाव्याच्या कारणाचा अंश असल्याने, धडगावात ठरलेल्या करारावरचा दावा नंदुरबार जिल्ह्यातील न्यायालयात आणण्यास आधार मिळतो. अर्थात करार तिथेच ठरला हे दाखवावे लागते आणि उचल बहुधा तोंडी व रोखीने दिली जात असल्यामुळे खरी अडचण पुराव्यापाशी येते. त्याचा विचार पुढे केला आहे.

अपघाताच्या भरपाईत कायदा याहून स्पष्ट आहे. काम करताना मजूर जखमी झाला वा मरण पावला तर मालकाने द्यावयाच्या भरपाईसाठी १९२३ चा कायदा होता. त्यात १९९५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, अपघाताच्या ठिकाणाखेरीज मजूर किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले वारस जिथे सामान्यतः राहतात तिथल्या अधिकाऱ्याकडेही अर्ज करण्याची मुभा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच दिशा राखली आहे. टोळी घेऊन जाणारा ट्रक किंवा ट्रॅक्टर उलटून झालेल्या मृत्यूंबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम १६६ दावेदाराला आपल्या राहत्या ठिकाणच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ देते. फक्त तिथे अपघातापासून ६ महिन्यांची मुदत पाळावी लागते, आणि दुःखाच्या काळात ६ महिने पाहता पाहता निघून जातात.

फौजदारी तक्रारीचेही तसेच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली असून तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. अशी खबर शून्य क्रमांकाने नोंदवून नंतर संबंधित ठाण्याकडे पाठवली जाते. फडात मारहाण झालेली किंवा डांबून ठेवलेली व्यक्ती निसटून गावी पोहोचली, तर अक्कलकुवा वा मोलगी येथील ठाणेदाराला ‘गुन्हा गुजरातेत घडला, तिकडे जा’ असे सांगून तिला परत पाठवता येत नाही. खबरीची प्रत विनामूल्य मिळणे हाही तिचा हक्क आहे.

स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. त्याच्या दोन तरतुदी नंदुरबारच्या दृष्टीने विशेष मोलाच्या होत्या. एक अशी की, काम संपवून परतलेला कामगार आपला औद्योगिक तंटा ६ महिन्यांच्या आत आपल्याच राज्याच्या शासनापुढे मांडू शकत असे. दुसरी कलम १९ मधील होती : ठेकेदाराकडून वा मूळ मालकाकडून कामाच्या काळात घेतलेले जे कर्ज कामाची मुदत संपेपर्यंत फिटले नसेल ते त्या क्षणी संपुष्टात आले असे मानावे आणि त्यासाठी कोणताही दावा चालू नये. म्हणजे ‘अंगावरची बाकी’ पुढच्या हंगामात ओढून नेण्याच्या प्रथेवर कायद्याने चार दशकांपूर्वीच घाव घातला होता. उचल कामाच्या आधी दिली जाते, कामाच्या काळात नव्हे, असा युक्तिवाद मालकपक्ष करू शकतो हे खरे. पण हे कलम डोंगरातल्या एखाद्या पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवले गेले असते तरी पुष्कळ काही साधले असते. हा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत विलीन झाला आहे. जुन्या देण्यांची तरतूद तिच्यात आली, स्वतःहून परराज्यात गेलेल्या मजुरालाही तिने व्याख्येत घेतले ही सुधारणा झाली. मात्र पूर्वी ५ मजुरांवर लागू होणारे संरक्षण आता १० मजुरांच्या आस्थापनेपासून सुरू होते, आणि आपल्या राज्यात तंटा मांडण्याचा तो स्वतंत्र मार्ग नव्या संहितेतील स्थलांतरितांविषयीच्या भागात नाही. ही उणीव गंभीर आहे आणि राज्यांनी नियम करताना ती भरून काढायला हवी.

तरीही काही कामे परमुलखातच करावी लागतात. अटक तिथेच होते, थकलेल्या मजुरीसाठी तिथल्या श्रम कार्यालयातच जावे लागते. अशा वेळी वकील कुठून आणायचा? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ ने समान न्याय व मोफत विधी सहाय्याचे तत्त्व सांगितले आणि ते प्रत्यक्षात आणणारा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये संमत होऊन ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व तालुका अशी साखळी असून प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. सुरत, भरूच, तापी जिल्ह्याचे व्यारा, नर्मदा जिल्ह्याचे राजपिपळा आणि नंदुरबार, सर्वत्र रचना एकच. कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळेल याची यादी आहे : अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, बालक, अपंग व्यक्ती, वेठबिगारीला वा मानवी व्यापाराला बळी पडलेली व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती, आपत्तिग्रस्त, आणि उत्पन्नमर्यादेत बसणारे इतर. यांपैकी शेवटचा वर्ग वगळता बाकीच्यांना उत्पन्नाची अट नाही. नंदुरबारहून सुरतेला गेलेली ऊसतोड करणारी भिल्ल स्त्री एकाच वेळी दोन-तीन नात्यांनी या यादीत बसते. मोफत याचा अर्थ वकिलाची फी, न्यायालय शुल्क, कागदपत्रे तयार करण्याचा आणि अनुवादाचा खर्च प्राधिकरणाने उचलणे असा आहे. अर्ज साध्या कागदावर करता येतो, लिहिता न येणाऱ्याचे म्हणणे कार्यालयातल्या व्यक्तीने लिहून घ्यायचे असते, आणि १५१०० हा देशभर चालणारा दूरध्वनी क्रमांक आहे.

परराज्यात गेल्यावर आदिवासी असण्याचा आधार टिकतो का, ही शंका स्वाभाविक आहे, कारण अनुसूचित जमातींच्या याद्या राज्यनिहाय असतात आणि नोकरी वा प्रवेशातील आरक्षण सामान्यतः आपल्या राज्यापुरतेच मिळते. नंदुरबारच्या मजुराला या बाबतीत जुन्या मुंबई राज्याचा वारसा उपयोगी पडतो : भिल्ल, तडवी, पावरा, वसावे ही नावे महाराष्ट्राप्रमाणे गुजरातच्या यादीतही आहेत. शिवाय अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण माणसाबरोबर दुसऱ्या राज्यातही जाते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये दिला आहे. जातीच्या दाखल्याची प्रत जवळ असणे मात्र गरजेचे.

अटकेच्या प्रसंगी तर वकील मागण्याचीही वाट पाहायची नसते. अटकेचे कारण सांगितले जाणे, वकिलाचा सल्ला घेता येणे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाणे हे अनुच्छेद २२ ने दिलेले हक्क आहेत. सर्वोच्च न्यायालयाने हुसैनारा खातून (१९७९) व खत्री (१९८१) या बिहारमधील प्रकरणांत गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे असे ठरवले, आणि अरुणाचलच्या सुक दास प्रकरणात (१९८६) आरोपीने मागितला नाही म्हणून वकील न देणे हेच चूक मानून शिक्षा रद्द केली. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत झालेली साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगितली जावी, असेही फौजदारी प्रक्रियेत नमूद आहे. अक्कलकुव्याकडची भिल्ली गुजरातीला बरीच जवळची असल्याने तिथल्या माणसाला बोललेले गुजराती समजते, पण लिहिलेले वाचता येत नाही. अंगठा घेतला जातो तो नेमका लिहिलेल्यावर.

अशा अंगठ्याचा सर्वांत मोठा घात मृत्यूच्या प्रकरणांत होतो, आणि म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहणे भाग आहे. फडात सर्पदंशाने, विहिरीत पडून, यंत्रात सापडून वा बांधकामावरून कोसळून मजूर मरतो. मालक किंवा ठेकेदार गाडीची सोय करतो, हातावर काही रक्कम ठेवतो, एका मुद्रांक कागदावर अंगठा घेतो आणि मृतदेह रातोरात गावाकडे रवाना होतो. शोकाकुल कुटुंबाला ही माणुसकी वाटते, तशी ती कधी असतेही. परंतु कायद्याने येथे दोन गोष्टी पक्क्या केल्या आहेत. मृत्यूची भरपाई मालकाने सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची असते, वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम ही भरपाई दिल्याचा पुरावा ठरत नाही. आणि भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक असतो. तेव्हा तो अंगठा कुटुंबाला बांधत नाही. भरपाईची रक्कमही कोणाच्या मर्जीवर नसते. मासिक वेतनाचा निम्मा हिस्सा आणि मृताच्या वयानुसार कोष्टकातला गुणक यांचा गुणाकार करून ती काढली जाते, म्हणजे तरुण मजुराच्या बाबतीत ती हातावर ठेवलेल्या पैशांच्या अनेक पट होते. या हक्काला मारक ठरते ते दुसरेच : घटनास्थळी पोलिसांचा मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन न होता देह गावी येणे आणि अंत्यविधी उरकला जाणे. मग मृत्यू कामावर झाला, कोणाच्या कामावर झाला, कशाने झाला, यांपैकी काहीच सिद्ध करता येत नाही. सोबतच्या माणसांनी गाडीत बसण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करवून घेतली आणि शवविच्छेदन झालेल्या दवाखान्याचे नाव लक्षात ठेवले, तर पुढचा सारा दावा नंदुरबारात बसून चालवता येतो.

उचलीची फेड होईपर्यंत जाऊ न देणे, आजारपणातही फडातून हलू न देणे, मुलाला ओलीस ठेवून बापाला गावी पाठवणे या गोष्टी मजुरीच्या तंट्याच्या पलीकडे जातात. बंधबिगार पद्धत (उच्चाटन) कायदा, १९७६ अशा कर्जाला आपोआप संपुष्टात आणतो आणि कर्ज तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे सावकारावर टाकतो. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करावे लागलेले कामही अनुच्छेद २३ खालील सक्तीचे श्रम होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिल्लीतील एशियाड बांधकामांच्या प्रकरणात म्हटले. येथे न्यायालयाची वाट धरण्याआधी जिल्हाधिकाऱ्याकडे जायचे असते. ज्या जिल्ह्यात मजूर अडकला आहे तिथला जिल्हाधिकारी त्याची सुटका करून मुक्तीचा दाखला देतो, आणि त्या दाखल्याच्या बळावर पुनर्वसनाचे सहाय्य मिळते. अडकलेल्याच्या नातलगाने नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलेला अर्ज तिकडे पोहोचवता येतो. त्यात जागेचे नाव, जवळचे गाव, मुकादमाचे नाव आणि सोबतच्या माणसांची संख्या एवढे जरी असले तरी शोधाला धागा मिळतो.

पुरावा निघण्याच्या दिवशी तयार होतो. गावात दिलेल्या उचलीची तारीख व रक्कम शालेय वहीत लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या, मुकादमाचा भ्रमणध्वनी क्रमांक, ज्या वाहनातून नेले त्याची पाटी, कारखान्याच्या किंवा शेतमालकाच्या नावाची माहिती, वजनाच्या पावत्यांची छायाचित्रे, खात्यात आलेल्या पैशांची नोंद : यांतले एकेक मामुली वाटते. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकांमार्फत तोडणी मजुरांची नोंदणी व ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेण्यात आले. असे ओळखपत्र त्या माणसाचा व्यवसाय सांगणारा पहिला सरकारी कागद ठरू शकते. वेतन संहितेत मजुरीच्या दाव्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे आणि मजुरी दिली हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर आहे, पण ‘हा माझ्याकडे कामाला नव्हताच’ या पहिल्या वाक्याला उत्तर देण्यासाठी वहीतले ते पान लागते. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो तेव्हाही तेच पान उपयोगी पडते, कारण ठेकेदाराने मजुरी बुडवल्यास ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे.

राहिला मुकादम. तो पुष्कळदा त्याच पाड्याचा, त्याच कुळातला, कधी मजुराचा मेहुणा वा चुलता असतो, आणि वरून घेतलेल्या पैशाखाली तोही दबलेला असतो. त्याच्यावर फिर्याद करणे म्हणजे लग्नकार्यातले येणे-जाणे तोडणे, म्हणून असे तंटे होळीला सगळे परतले की गावच्या पंचांपुढे येतात. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने तंटे सोडवण्याची पारंपरिक पद्धत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि हिशेबाच्या वादात तिचा निवाडा न्यायालयापेक्षा लवकर व कमी खर्चात होतो. पंचांचा हात बारडोलीच्या कारखान्यापर्यंत पोहोचत नाही, तसेच मृत्यू, अत्याचार किंवा बेपत्ता मुलीचे प्रकरण दंड घेऊन मिटवण्याचा त्यांना अधिकार नाही. तिथे पोलीस ठाणेच गाठायला हवे. पण पैशाच्या तंट्यात पंचांनी केलेली तडजोड तालुका विधी सेवा समितीच्या लोकअदालतीत दोन्ही पक्षांच्या संमतीने नोंदवली, तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते, तिच्यावर अपील होत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात मुकादम जुनी बाकी काढू लागला तर तिची अंमलबजावणी मागता येते. तडजोड झाली नाही तरी पंचांपुढे मुकादमाने कबूल केलेला आकडा त्याच्या सहीनिशी वहीत उतरवून घ्यावा. तीच वही नंतर श्रम अधिकाऱ्यापुढे मजुराच्या बाजूने उभी राहते.